ओहोटीचे अंगण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत म्हणजे आंबा, मोगरा आणि व्याख्यान असे समीकरण होऊन बसले आहे. आपल्या डहाणूकडे त्यात आणखी एकाची भर घालावी लागते, ती विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेची. चैत्री पौर्णिमेस देवीचा उत्सव सुरू होतो, डोंगरावर ध्वज चढतो आणि पंधरा दिवस रस्ते माणसांनी फुललेले असतात. अशा गर्दीच्या दिवसांतही आपण येथे शांतपणे ऐकावयास जमलात, हा मी माझा गौरव समजतो.

मला विषय दिला आहे तो 'डहाणू-तलासरीचा निसर्ग आणि बाहेरून येणारा पाहुणा' असा. सोप्या रीतीने हा विषय दहा मिनिटांत संपविता येईल. बोर्डीचा समुद्रकिनारा पाहावा, घोलवडच्या वाडीत चिकू खावा, बारडाच्या डोंगरात बहारोटची लेणी पाहावीत, तेथे पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी संकटकाळी सांभाळला ही परंपरा ऐकावी, अंगात बळ असेल तर गंभीरगड चढावा, आणि सायंकाळच्या गाडीने परत जावे! ही यादी कोणत्याही पत्रकात सापडते, आणि पत्रकाचे काम पत्रकानेच करावे. मला आज निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. पाहुणा येथे आला म्हणजे त्याने करावयाचे काय? आणि आपण यजमान असलेल्यांनी त्याला काय करू द्यावयाचे व काय करू द्यावयाचे नाही?

हा प्रश्न पूर्वी कोणी विचारीत नसे, कारण पाहुणे थोडे होते. आज मुंबई, वसई, ठाणे, सुरत, वापी येथून माणसे सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर येतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दिवसभर भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाला क्षितिज पाहावेसे वाटले तर तो त्याचा हक्कच आहे. परंतु पुष्कळ वेळा असे होते की तो येतो, वाळूवर मोटार फिरवितो, भेळ खातो, कागद तेथेच टाकतो, छायाचित्र काढतो आणि किनारा न पाहताच जातो. आपणही त्याला जाऊ देतो. किनारा दाखविणे हे आपले काम आहे, असे आपणास कधी वाटलेच नाही.

जगात ज्यांना हे काम आपले आहे असे वाटले, त्यांची एक हकीकत सांगतो. पॅसिफिक महासागरात, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, गालापागोस नावाचा द्वीपसमूह आहे. १८३५ साली तरुण डार्विन तेथे काही आठवडे राहिला, आणि तेथील पक्ष्यांनी व कासवांनी त्याच्या मनात घातलेल्या शंकांतून पुढे उत्क्रांतीचा सिद्धान्त उभा राहिला. इक्वेडोर देशाने १९५९ साली त्या बेटांचे राष्ट्रीय उद्यान केले. आता तेथे दरवर्षी लाखांवारी माणसे जातात. पण कोणी कसेही हिंडत नाही. उद्यानात प्रशिक्षित वाटाड्यावाचून पाऊल टाकता येत नाही; एका वाटाड्यामागे सोळाच माणसे असतात; आखलेली वाट सोडावयाची नाही; प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावयाचे; शिंपला वा दगड खिशात घालावयाचा नाही. आणि गंमत अशी की या बंधनांनी पाहुणे कमी झाले नाहीत, त्यांचा आनंदही कमी झाला नाही. जेथे प्राणी माणसाला भीत नाहीत, तेथे प्राणी जवळून पाहावयास मिळतात. बंधन हेच तेथील आकर्षणाचे मूळ आहे.

तुम्ही म्हणाल, ती बेटे. आमचे डहाणू काही बेट नव्हे. मी म्हणतो, डहाणू हे बेटच आहे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेस तारापूर, तेथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होत आहे आणि शेजारी कारखान्यांची मोठी वसाहत. उत्तरेस गुजरातची हद्द ओलांडली की वापीची धुराडी. पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पश्चिमेस समुद्र. या चौकटीत चिकूच्या वाड्या, ताडामाडाची बने, खाडीतील तिवरे आणि पूर्वेकडील डोंगरांचे रान असा एक हिरवा तुकडा शिल्लक राहिला. तो आपोआप राहिला नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला, उद्योगांस एकंदर पाचशे एकरांची मर्यादा घातली, आणि तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा पट्टा कारखान्यांपासून मोकळा ठेवावा असे सांगितले. शेजारची तलासरी त्याच पट्ट्यात येते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर यावर देखरेख करण्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये देहावसान होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. म्हणजे हे कायद्याने राखलेले बेट आहे. समुद्रातील बेटाला पाणी राखते. आपल्या बेटाला कागद राखतो. आणि कागद किती काळ राखील, हे त्या कागदामागे उभ्या असलेल्या माणसांवर अवलंबून असते.

आता मी माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. शिक्षकाने आपल्या चुका सांगाव्यात. त्यातून विद्यार्थ्यांना धीर येतो.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, नुकताच शिक्षक झालो असताना, मी मुलांना समुद्रजीवन दाखवावे म्हणून किनाऱ्यावर नेले. शाळेचे वेळापत्रक पाहिले, गाडीचे पाहिले, भरती-ओहोटीचे मात्र पाहिले नाही. पौर्णिमेचा दिवस, भर दुपार, आणि समुद्र अगदी सुरूच्या मुळांशी आलेला! मुले पाण्याकडे पाहत बसली, मी पुस्तकातील चित्रे दाखवीत बसलो. सायंकाळी पाणी हटले तेव्हा खडकांचे विस्तीर्ण मैदान उघडे पडले. मग मुलांना आवरणे अशक्य झाले. त्यांनी दगड उलथले, खेकडे धरले, शंख वेचले, समुद्रफुलांना काड्या टोचल्या, आणि दोन बादल्या भरून 'संग्रह' केला. मीही त्यांना प्रोत्साहनच दिले. मला वाटले, केवढे हे कुतूहल!

जवळच एक वयस्क मांगेलीण कालवे काढीत बसली होती. ती बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. शेवटी ती उठून आली आणि म्हणाली, "मास्तर, दगड उलटे केलेत, ते सुलटे कोण करणार? घरं आहेत ती त्यांची."

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात बादल्यांतून दुर्गंधी येत होती. एकही जीव जिवंत नव्हता. जी मुले आदल्या संध्याकाळी नाचत होती ती गप्प होती, आणि एका मुलाने विचारले, "सर, आपण हे पाहायला गेलो होतो की मारायला?" त्या प्रश्नाचे उत्तर मी आजवर देत आलो आहे, आजचे व्याख्यान हाही त्या उत्तराचाच एक भाग समजावा.

ती बाई काय म्हणाली, याचा शास्त्रीय अर्थ मला पुढे कळला. ओहोटीच्या खडकावर प्रत्येक दगडाला दोन गावे असतात. वरच्या बाजूस ऊन सोसणारे शेवाळ व गोगलगायी, खालच्या ओल्या, काळोख्या बाजूस स्पंज, कृमी, लहान खेकडे आणि कित्येकांची अंडी. दगड उलटा ठेवला की खालचे गाव उन्हात करपते आणि वरचे गाव काळोखात गुदमरते. दोन मिनिटांच्या कुतूहलात दोन्ही गावे उजाड होतात. तीच गोष्ट रिकाम्या शंखांची. आपल्याला तो रिकामा दिसतो. पण काही खेकड्यांचे पोट मऊ असते, ते झाकावयास त्यांना दुसऱ्याचा शंख लागतो, आणि वाढ होईल तसे घर बदलावे लागते. किनाऱ्यावरचे मोठे शंख आपण वेचून नेले, तर वाढलेल्या खेकड्याला घर मिळत नाही. मुंबईत घराची चणचण असलेल्या माणसाला तरी हे दुःख समजावे!

म्हणून पाहुण्यासाठी पहिला कार्यक्रम मी सुचवितो तो ओहोटीच्या फेरीचा. आणि तिचा पहिला नियम घड्याळाचा नसून पंचांगाचा आहे. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांना हिशेब ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेस वा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. डहाणूस मुंबईपेक्षा हे थोडे उशिरा होते, तेवढी सूट धरावी. समुद्राचे पाणी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा का येते, तर चंद्र रोज तेवढ्याच उशिराने उगवतो म्हणून.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. भरती सर्वांत उंच येते आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. पाणी फारसे चढत नाही, फारसे उतरतही नाही. मग खोल ओहोटी आपल्याकडे केव्हा मिळणार? उधाणाच्या दिवशी भरती दुपारी व मध्यरात्री, म्हणून ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. दुपारी बारा वाजता जी ओहोटी मिळेल ती भांगाची, म्हणजे उथळ. तात्पर्य, जेवणखाण आटोपून दुपारी येणाऱ्या पाहुण्याला आपल्या किनाऱ्याचे खरे अंगण कधीच दिसत नाही. तो पहाटेच्या अंधारात उठला तरच दिसते, आणि पहाटे येथे असावयाचे तर आदल्या रात्री येथे मुक्काम करावयास हवा. ज्यांना पाहुण्याच्या मुक्कामावर चार पैसे मिळावेत असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. समुद्राने त्यांची सोय आधीच करून ठेवली आहे.

दुसरा नियम जिवाचा आहे. खंबायतच्या आखाताकडे समुद्र निमुळता होत जातो, पाणी कोंडले जाते, म्हणून उत्तरेकडे जावे तसे भरती-ओहोटीतील अंतर वाढते. आपल्याकडे उधाणाला ते पाच मीटरांच्या आसपास असते. किनारा सपाट असल्याने पाणी फार दूर जाते आणि परत येताना सरळ समोरून येत नाही. आधी पाठीमागच्या सखल घळींत भरते. माणूस पुढच्या खडकावर उभा राहून सूर्यास्त पाहत असतो आणि त्याच्या मागे पाणी गळ्यापर्यंत आलेले असते. म्हणून ओहोटी तळाला जाण्यापूर्वी दोन तास निघावे, पाण्याच्या मागोमाग जावे आणि पाणी तळाला पोचले की पाठ फिरवावी. पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. हे सांगावयास सोबत जाणता माणूस हवाच.

तो जाणता माणूस कोण? गालापागोसमध्ये सरकारने वाटाडे शिकवून तयार केले. आपल्याकडे ते तयार आहेत. ओहोटीच्या वेळी खडकावर कोण असते? कालवे काढणाऱ्या, शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रिया. कोणत्या घळीत केव्हा पाणी येते, निवटी कोणत्या चिखलात उड्या मारते, शेवंड कोणत्या कपारीत बसते, हे त्यांच्याइतके कोणत्याही पदवीधरास ठाऊक नाही. मच्छीमार पुरुष हंगामात डोलीवर वा होडीवर असणार. मासेमारी बंद असते ती जून-जुलैत, आणि त्या दिवसांत पाहुण्याला खडकावर नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. तेव्हा हे काम स्त्रियांकडेच यावे, हे न्यायाचेही आहे आणि सोयीचेही. तिचा मान ठेवून, तिची बिदागी ठरवून, दहा-बारा माणसांच्या तुकडीमागे एक मावशी असावी. तिने 'थांबा' म्हटले की सर्वांनी थांबावे, मग त्यात एखादा मोठा अधिकारी असला तरी!

आता खडकावरून नजर उचलून चिखलाकडे पाहू. हिवाळ्यात ओहोटीच्या चिखलावर पक्ष्यांचे थवे उतरतात. चिखल्या, तुतारी, लांब वाकड्या चोचीचा कोरल, काळापांढरा कालवफोड्या. पाण्यावर कुरव आणि सुरय. यांतील पुष्कळ पाहुणे मध्य आशियातून, सैबेरियाकडून येतात, आणि आता या वसंतात ते परतीच्या वाटेला लागलेले असतात. त्यांचे वेळापत्रकही चंद्राच्या हाती. चिखल उघडा पडेल तेवढेच तास त्यांना जेवण. भरती आली की पंगत उठली. हजारो किलोमीटर उडावयाचे म्हणजे अंगात चरबी साठवावी लागते. मोटार वाळूवरून भरधाव गेली, कुत्रा भुंकत धावला, छायाचित्रासाठी कोणी टाळ्या वाजवून थवा उडविला, तर आपल्याला क्षणभर शोभा दिसते, पण पक्ष्याचे जेवण मोडते आणि साठविलेली शक्तीही खर्च होते. पंगतीतून माणसाला उठविणे हे आपल्याकडे पाप समजतात. पक्ष्याला उठविणेही तसेच समजावे. त्यापेक्षा पाहुण्याने सुरूच्या सावलीत दुर्बीण घेऊन एक तास स्वस्थ बसावे आणि पक्षी मोजावे. आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून ती चालू आहे, आणि तीत साधा नागरिकही भाग घेऊ शकतो. मोजणी करणारा माणूस आपोआप स्थिर बसतो. हा मोजणीचा मोठाच फायदा आहे.

तिसरी गोष्ट कासवांची. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रातून जखमी, थकलेली कासवे आपल्या किनाऱ्याला लागतात. कित्येकांचे पाय तुटलेल्या जाळ्यांनी कापलेले असतात. दयाळू पाहुणा काय करतो? कासवाला उचलून पुन्हा लाटेत ढकलतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. ते कासव पोहू शकत नाही म्हणूनच किनाऱ्याला आलेले असते. त्याला सावलीत ठेवावे, भोवती गर्दी होऊ देऊ नये आणि वनखात्यास कळवावे. डहाणूत अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे, आणि वनखाते व आपल्यातीलच तरुण कार्यकर्ते ते चालवितात, ही आपल्या गावाला भूषणावह गोष्ट आहे. मच्छीमाराचाही येथे विचार झालेला आहे: जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर २०१८ पासून राज्य शासन त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. दया एकाने करावी आणि तिचा खर्च दुसऱ्याने सोसावा, असे फार दिवस चालत नसते.

दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यात, नाना फडणिसांच्या वेळास गावी, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास माणसे येऊ लागली. गावाने हॉटेले बांधली नाहीत. पाहुण्यांना आपल्या घरी ठेवले, आपल्या घरचे जेवण दिले. पाहुणे पहाटे दोरीमागे उभे राहतात, दिवा लावीत नाहीत, पिल्लाला हात लावीत नाहीत. ज्या किनाऱ्यावर एके काळी कासवांची अंडी चोरीला जात होती, तेथे आज सारे गाव त्यांची राखण करते. याच्या उलट चित्र भंडारदऱ्याकडे दिसले. पावसाच्या तोंडावर काजवे पाहावयास एवढ्या मोटारी लोटल्या की त्यांच्या दिव्यांपुढे काजवा दिसेना, आणि वनखात्याला नियम घालावे लागले. काजव्याचा प्रकाश ही त्याची मादीला घातलेली साद असते. आपला दिवा पेटला की ती साद विरून जाते. दोन्हीकडे पाहुणेच होते. एकीकडे यजमानाने आधी नियम केले, दुसरीकडे गर्दी आधी आली. एवढाच फरक.

आता थोडे डोंगराकडे, तलासरीच्या रानाकडे वळू. येथे मला आपल्याच भूमीतील एका थोर प्रयोगाची आठवण होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरे राखते. तर मग शाळाच कुरणात न्यावी, असा विचार त्यांनी केला. त्यातून कुरणशाळा निघाली. पाड्याच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली. जेथे मूल, तेथे शाळा. भारताला अंगणवाडी हा शब्द याच मातीने दिला.

मला वाटते, त्या प्रयोगाचा उत्तरार्ध अजून व्हावयाचा आहे. पूर्वार्धात शिकलेला माणूस कुरणात गेला आणि त्याने गुराख्याला अक्षर शिकविले. उत्तरार्धात शहरी माणसाने त्याच कुरणात यावे आणि गुराख्याने त्याला रान शिकवावे. मोह केव्हा वेचावा, कोणता कंद उकडल्यावाचून खाऊ नये, पहिल्या पावसानंतर कोणती भाजी कोठे उगवते, हे वारली मुलाला ठाऊक असते. त्याच्या वडीलधाऱ्यांनी वाघाला देव मानले. वाघोबाचे ठाणे गावाच्या शिवेवर असते, वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघ गेला, बिबट्या राहिला, देव तोच राहिला. जनावर आपल्या शेजारी राहणारच, त्याच्याशी सलोख्याने राहावे, हा विचार आपण परदेशी पुस्तकांत वाचतो. तो आपल्या शिवेवर शेंदूर लावून उभा आहे.

परंतु येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही. पाड्यावर जाणे म्हणजे प्राणिसंग्रहालयास जाणे नव्हे. तारपा वाजतो तो पीक घरात येण्याच्या आनंदात. पाहुण्याने घड्याळ पाहून 'जरा वाजवून दाखव' म्हणावे, हे त्याला शोभत नाही. लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी लिहितात, तो संस्कार आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे साऱ्या जगाने पाहिली. त्या चित्रांत माणूस, मुंगी, कोंबडा आणि झाड एकाच अंगणात नांदतात. माणसाला निराळे सिंहासन नाही. वारली चित्र विकत घेऊन घरी टांगणाऱ्याने एवढे तरी शिकून जावे. आणि हेही विसरू नये की १९४५ साली याच तलासरीकडच्या झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. त्यांना पाहुण्यांच्या सेवेसाठी पुन्हा वाकावयास लावणारे पर्यटन आपल्याला नको. पाड्याने बोलाविले तरच जावे, पाड्याने ठरविलेले द्यावे, आणि ते दलालाच्या हाती न पडता पाड्याच्या हाती पडावे.

माझे एक व्यवहारी मित्र म्हणतात, "गुरुजी, शिंपले न उचलणाऱ्या दहा पाहुण्यांवर गाव जगत नाही." त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि मी तसा दावा करीतही नाही. मासेमारी आणि शेतीवाडी यांची जागा वाटाड्याची बिदागी घेऊ शकणार नाही. पण मग या साऱ्याचा उपयोग काय? त्याचे उत्तर देण्यासाठी मला वाढवणकडे यावे लागेल.

वाढवणच्या बंदराची कथा आपणास सांगावयास नको. १९९० नंतरच्या दशकात ते प्रथम सुचविले गेले. १९९८ साली प्राधिकरणाने त्यास नकार दिला. पुढे योजना पुन्हा उभी राहिली. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अनुमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प आणि समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव. कोणी त्यात रोजगार पाहतो, कोणी आपल्या मासळीच्या सुवर्णपट्ट्याचा अंत पाहतो. या सभागृहात दोन्ही मतांचे लोक बसले असतील, कदाचित एकाच घरातील. मी स्वतः ज्या खडकावर शहाणा झालो त्या खडकाच्या बाजूचा आहे, हे लपवीत नाही. परंतु आज मी मत मागावयास आलेलो नाही. मी विचारतो ते एवढेच: त्या किनाऱ्यावर आज काय आहे, हे आपल्यापैकी कोणी लिहून ठेवले आहे काय?

मुंबईचे उदाहरण घ्या. २०१७ साली काही तरुणांनी मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या फेऱ्या सुरू केल्या. साधी माणसे, घरातील मुलेबाळे घेऊन, खडकावर काय दिसते ते पाहू व नोंदवू लागली. पुढे किनारी रस्त्याचे काम निघाले तेव्हा हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, ही गोष्ट कोणालाच डावलता आली नाही. प्रवाळाला कायद्याचे पूर्ण संरक्षण असल्यामुळे २०२० साली ते प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले. हलविण्याने सर्व भरून निघाले, असे मी म्हणत नाही. परंतु जे नोंदलेले असते त्याची निदान दखल घ्यावी लागते. जे नोंदलेले नसते ते नव्हतेच, असे कागद म्हणतो. गमावलेल्या गोष्टीहूनही, जिची आठवणच उरली नाही अशी गोष्ट अधिक दुर्दैवी.

म्हणून पाहुण्याचा उपयोग केवळ पैशासाठी नाही. पाहुणा हा साक्षीदार आहे. त्याने आज पाहिलेला खेकडा, मोजलेला कोरल, काढलेले छायाचित्र, दिनांक आणि तिथी घालून आपण एका वहीत ठेवले, तर ती वही पाच वर्षांनी पुरावा होईल. बंदर झाले तर काय बदलले हे तिच्यावरून कळेल. न झाले तर काय वाचले हे कळेल. दोन्ही पक्षांना तिची गरज आहे, आणि सरकारच्या अहवालाची वाट न पाहता ती आपणास लिहिता येईल.

माझी सूचना अगदी लहान आहे. दर पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या रविवारी, पावसाळ्याचे महिने सोडून, आपल्या किनाऱ्यावर एका ठराविक खडकाशी एक फेरी निघावी. पुढे एक मावशी, मागे शाळेची चार मुले, मध्ये दहा पाहुणे. जाताना कोणाच्या हाती बादली नसावी, वही असावी. दगड उचलून पाहावयाचा झाला तर एकानेच उचलावा, सर्वांनी पाहावा, आणि होता तसा हळूच ठेवावा. परत आल्यावर वहीत लिहावे आणि खाली मावशीचे नाव पहिले घालावे.

ती कालवे काढणारी बाई आज हयात नसेल. तिचे नावही मी तेव्हा विचारले नाही, ही माझी दुसरी चूक. पण त्या दिवशी आम्ही निघून गेल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा ती वाकून वाकून आमचे उलटे दगड सुलटे करीत होती. सूर्य बुडाला होता, पाणी चढू लागले होते, तिच्या टोपलीत कालवे अर्धीच होती. आणि तरीही ती ते करीत होती. किनाऱ्याचे यजमानपण मी तिच्याकडे पाहून शिकलो. आपणही उद्यापासून निदान एक एक दगड सुलटा करू या, एवढीच विनंती.